खाऱ्या विहिरीची राजधानी

भिवंडी,
ता. ९ डिसेंबर १९८८

प्रिय सरू,

सकाळी शाळेत चार तास घेतले. दुपारी डाळ-भात केला. वीज नाही, त्यामुळे शेजारचे लूम बंद आहेत. तुझ्या आईला जाऊन आज महिना झाला.

सातवीला महंमद तुघलक शिकवला. पंचवीस वर्षं शिकवतो आहे. दर वर्षी मुलं हसतात, मीही हसवतो. यंदा मला त्या माणसाची किळस आली. गणित, वैद्यक, सुंदर अक्षर, सगळं येत होतं म्हणे. तांब्याची नाणी चांदीच्या मोलाने चालवा म्हणाला, तर लोकांनी घरोघर नाणी पाडली. दिल्लीची माणसं उठवून दौलताबादला नेली, का तर ते राज्याच्या मध्यावर येतं. एका आंधळ्याला इतकं फरफटत नेलं, की तिथे त्याचा फक्त पाय पोचला, असं एक प्रवासी लिहून गेलाय. खरंखोटं कोण जाणे. काही वर्षांनी हुकूम फिरवला, चला परत. शेवटी सिंधमध्ये एका बंडखोराच्या मागे धावताना तापाने मेला. असा हा विद्वान.

आम्ही अंजूरला घर केलं, तेव्हा तुझं लग्न होऊन गेलं होतं. लूमचा खडखडाट नको, खाडीचा वारा हवा, हे माझं डोकं. बोचकी बांधताना तुझी आई म्हणाली, निघाले सुलतान. तिथली विहीर खारी. गोडं पाणी अर्ध्या कोसावरून आणायचं. मला शाळा गाठायची असायची. दोन वर्षं तिनेच हंडे वाहिले. तिच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा मी परत इथे खोली घेतली. इथे ती अडीच महिने राहिली.

आज शमीम नावाच्या मुलीने विचारलं, सर, त्याला कोणीच सांगितलं नाही का? माझं उत्तर ठरलेलं असतं, सांगायची कोणाची हिंमत नव्हती. आज ते न देता मी फळा पुसला.

तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, आईलाच अंजूरची हौस, बाबांनी तसं पत्रात लिहिलं होतं. सरू, ते मी खोटं लिहिलं होतं. जायच्या आधी ती विहीर बघून आली होती. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकली आणि म्हणाली, पानी खारा हाय, मना न्हाय जायचा. मी म्हणालो, तुला काय कळतं. तिला बोल लावू नकोस, एवढंच कळवायचं होतं.

नळाला पाणी आलंय. हंडा लावायला उठतो.

तुझाच,
बाबा