फडताळातल्या बाटल्या

कुंभारवाडा,
शनिवार, ता. १५ फेब्रुवारी १९१३

चि. इनास यास क्लाराआक्काचा आशीर्वाद.

मी खुशाल आहे. गुडघा दुखतो, त्याला इलाज नाही. फिलूला आणि मुलांना माझी माया सांग.

आता कामाचं. गेल्या रविवारी, ता. ९ रोजी, संध्याकाळी सव्वापाच वाजता तू बूट न काढता माझ्या स्वयंपाकघरात शिरलास आणि फडताळ उघडलंस. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी मला तक्रार अशीच लिहायला शिकवली आहे. आधी वेळ, मग गुन्हा.

माझ्या पडवीत दर रविवारी काही कुणबी बसतात आणि दारूपासून लांब राहायला एकमेकांना धीर देतात, हे तुला ठाऊक होतं. आम्ही प्रार्थना म्हणतो, मग ज्याचा त्याचा आठवडा कसा गेला ते जो तो सांगतो. त्यांतल्या एकाचाही बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून तू पूर्वीही कुरकुरलास. देवाची दया मी फुकट वाटते म्हणालास. प्रभूने आंधळ्याला डोळे देताना आधी दाखला मागितल्याचं मला तरी कोणी शिकवलं नाही. मला जे मिळालं ते काय पेन्शनीसारखं एकटीने खात बसू?

फडताळातल्या दारूच्या बाटल्या त्यांच्याच. तोंडी सांगायला गेले तर तू ऐकलं नाहीस, म्हणून लिहिते. त्यांच्यातला धाकलू पहिल्यांदा बाटली घेऊन आला तेव्हा मी ती उकिरड्यावर ओतायला निघाले. तो म्हणाला, "वतून टाकलासा तर म्या दुसरी आणीन. तुमच्यापाशी ऱ्हायली तर तुमच्या तोंडाकडं बघून परत मागाय लागंल. ते माझ्यानं हुयाचं न्हाई, बाई." तेव्हापासून ज्याला मोह होतो तो बाटली माझ्याकडे ठेवून जातो. आजवर एकानेही परत मागितलेली नाही. धाकलूची बायको रुक्मा आता सांजेला पोरांना घेऊन रानात लपत नाही.

आणि तू काय केलंस? एकेका बाटलीचं बूच काढून हुंगलंस आणि म्हणालास, ही काजूची, पहिल्या धारेची.

"सायेब, नुसत्या वासावरनं धार वळखलासा," धाकलू म्हणाला. "तुमी बी बसा की हितं आमच्या पंगतीला."

सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यावरून तू पडवीत उभा राहून जाहीर केलंस, की यापुढे इथे बसेल त्याला तुझ्या वखारीवर काम मिळणार नाही. भात कापून झालं की पावसाळ्यापर्यंत या माणसांची चूल त्या कामावर पेटते, हे तिथल्या कारकुनाला, म्हणजे तुला, मी सांगायचं? उद्या माझी पडवी रिकामी राहील. त्यात उळवीची जत्रा तोंडावर आली आहे, आणि वाटेत यांना पाजणारे सोबती काही कमी नाहीत.

बाटल्या तू पोत्यात भरून नेल्यास. पाद्रींना पुरावा दाखवतो म्हणालास. काल पाद्री मिसेची प्रार्थना चालवायला आले होते. मीच विषय काढला. माझा दोष असेल तर तोंडावर ऐकायची माझी तयारी होती. त्यांना बाटल्यांचं काहीच ठाऊक नाही. तू त्यांच्याकडे फिरकलाच नाहीस, ताप आल्याचा निरोप मात्र पोचला होता. पोतं वाटेत आपटलं असेल, असं मी त्यांना सांगितलं. पाद्रींशी खोटं बोलायची वेळ तू माझ्यावर आणलीस.

फिलूने मला काही कळवलेलं नाही. तिच्यावर ओरडू नकोस. नाताळात आली तेव्हा हातावरचा डाग चुलीचा आहे म्हणाली, आणि मी तेवढंच ऐकून घेतलं.

तर मला दोन गोष्टी लेखी हव्यात. एक, कामाची धमकी मागे घेतली असं, धाकलूचं नाव घालून, तुझ्या सहीनिशी. दुसरी, बाटल्या कुठे गेल्या. उत्तर आलं नाही तर मी बैलगाडी करून वखारीवर येईन आणि तुझ्या साहेबासमोर बोलेन. माझा आवाज तुला माहीत आहे.

दुसरं उत्तर कागदावर उतरत नसेल तर लिहू नकोस. रविवारी ये आणि पडवीत बस. तुला कोणी हसणार नाही, ती जबाबदारी माझी. पहिलं मात्र येत्या गुरुवारी, ता. २० ला, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. लेखी.

राग न गेलेली,
तुझी थोरली बहीण
क्लारा