तिवसाच्या दांड्याची कुदळ

रविवार, दि. ८ फेब्रुवारी

पाटलांच्या शेतात प्लॉटचे दगड रोवले. पांढरे, माथ्यावर तांबडे. शेताच्या कडेच्या धुऱ्यावरची बोर तोडली. खोड तेवढे राहिले आहे. पुढच्या महिन्यात मशीन येऊन जमीन सपाट करणार, असे ऐकतो. मग तेथे शोधण्यासारखे काही उरणार नाही.

या शेतात मी तरुणपणी सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, होतो. सीतादहीच्या दिवशी, कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेला, पाटलीणबाई सर्व दागिने घालून शेतात आल्या. बोरीखाली पूजा झाली, दहीभात शिंपडला. पहिल्या वेच्याचा कापूस टोपल्यात भरून मी डोक्यावर त्यांच्या घरी नेला. संध्याकाळी बाईंच्या गळ्यात सोन्याचे डोरले नाही. पाटील म्हणाले, "टोपलं याच्याच डोक्यावर होतं." एवढेच म्हणाले. ना चौकशी, ना तक्रार. दुसऱ्या दिवशी कामावरून काढले.

विहिरीवर बाया माझ्या बायकोला, शेवंताला, "डोरलेवाली" म्हणू लागल्या. कालकथित शेवंता ते नाव घेऊनच गेली.

डोरले बोरीखालच्या मातीत पडले असणार. काढीन आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवीन. हातात देणार नाही.

बुधवार, दि. ११

माझ्या मुलीने, रत्नाने, आपल्या दिराकडून, हिंगणघाटच्या दिलीपकडून, धातू शोधण्याचे यंत्र मागवले. तो स्वतःच घेऊन आला. सुटीच्या दिवशी वणा नदीच्या वाळूत सोने शोधण्याचा त्याला नाद आहे. आजवर काय सापडले, असे विचारले.

"एक चमचा आन सायकलची घंटी, काका. पण मन लय रमते."

असा हा माणूस. मोबाइलवर कुदळी दाखवीत बसला. सर्व परदेशी, आखूड दांड्याच्या, बुडाशी लोहचुंबक. मी म्हणालो, घरात टिकास, लांब दांड्याची मोठी कुदळ, आहे.

"टिकास विहीर खंदाले असते. हे काम गुडघ्यावर बसून करा लागते, काका. एका हातात बसली पायजे. एका बाजूनं टोक, दुसऱ्या बाजूनं रुंद पातं."

रुंद पाते कशाला?

"माती मांगं लोटाले. खड्डा केला का बुजवाच लागते. नाई तं पुढच्या खेपेले कोणी पाय ठिऊ देत नाई."

मला माती शिकवतो. ऐकून घेतले; यंत्र त्याचे आहे.

शुक्रवार, दि. १३

पाटलांच्या मुलाची, धाकट्या पाटलांची, परवानगी घेतली. हसले. "खंदा ना काका. सोनं लागलं तं आमाले बी दाखवजा." मी हसलो नाही.

टिकास घेऊन गेलो. जमीन तापून भेगाळलेली. थोडेच घाव घातले आणि उजवा खांदा धरला. हात वर जाईना. या टिकासाने मी याच गावात विहिरी खोदल्या आहेत.

रत्ना यंत्र फिरवीत होती. एकाएकी ते ओरडू लागले. मी आनंदलो.

"बाबा, टिकास दूर ठेवजा. हे तुमच्याच टिकासावर बोंबलून राह्यलं."

लोखंड जवळ असले की यंत्र ओरडते. पुढे तिच्या जोडव्यांवर ओरडले. रत्ना हसत सुटली. मला हसू आले नाही. परतताना टिकास तिने उचलले. वाटेत लोक पाहत होते.

मंगळवार, दि. १७

दिलीपची कुदळ पार्सलने आली. लाल रबरी मूठ, पोकळ दांडा. खेळण्यातली वाटते. चुंबकाला अंगणातील खिळा चिकटला, तेव्हा दिलीपला कोण आनंद! शेतात पहिल्या ढेकळातच दांडा वाकला. ती रेतीसाठी केलेली असावी. काळ्या मातीला तिच्या मापाचे लोखंड लागते.

दिलीप: "व्हिडिओत तं दगड फोडते ना!"

व्हिडिओतील दगड त्याने पाहिला आहे. या शेतातील उन्हाळा पाहिलेला नाही.

गुरुवार, दि. १९

हिंगणघाटला लोहाराकडे गेलो. जिनिंगच्या मागे त्याचा भाता आहे. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचे लोखंड निवडले. एका बाजूस टोक, दुसऱ्या बाजूस चार बोटे रुंद पाते. दांडा तिवसाच्या लाकडाचा, हातभर. लोहार बाभळीचा देत होता. मी घेतला नाही. तिवस झटका सोसतो, हाताला लागू देत नाही. मूठ माझ्या पंजावर मोजून घेतली.

"बाबाजी, एवढीशी कायले? लेकराले खेळाले?"

मला एका हाताने चालवायची आहे, असे सांगितले. पुढे त्याने काही विचारले नाही, हे बरे केले.

रुंद पाते दिलीपच्या म्हणण्याप्रमाणे झाले. हे त्याला कळवू नये, असे रत्नाला बजावले आहे. ती कळवणार.

शनिवार, दि. २१

कुदळ उत्तम. गुडघ्यावर बसून दिवसभर खोदले. ओरडते तेथे खड्डा. यंत्र फिरवताना कुदळ दूर प्लॉटच्या दगडाजवळ ठेवतो. निघाले ते असे: बैलाची नाल, खिळे, पुन्हा नाल, वखराच्या पासेचा, म्हणजे पात्याचा, तुकडा. एक पितळी घुंगरू. ते मोत्या बैलाच्या गळ्यातील. मीच ओवले होते. वाजवून पाहिले, आत माती भरली आहे.

डोरले नाही.

रत्ना म्हणाली, "बाबा, पूजा नेमकी कुठं मांडली होती? बोरीच्या इकडून का तिकडून?"

आठवेना. मी रिकामे टोपले घेऊन दूर उभा होतो. जवळ येऊ देत नसत.

मंगळवार, दि. २४

जागा विचारण्यासाठी पाटलीणबाईंकडे गेलो. त्या खाटेवर असतात. दृष्टी अधू झाली, आवाज तोच.

"कोण? पुंडल्या? बस ना रे."

माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे. बसलो नाही. सीतादहीची पूजा कोठे मांडली होती, डोरले शोधत आहे, असे म्हणालो. त्यांना प्रथम समजेना. मग हसू लागल्या.

"डोरलं? अरे, ते तं तवाच सापडलं! पहिल्या वेच्याचा कापूस कोणी इकते काय? देवाच्या वातीले ठेवते. दिवाळीले वाती वळाले बसलो, तं कापसातून निंघालं. पूजेच्या वक्ती गळ्यातून सुटून कापसात पडलं असन."

मला का सांगितले नाही?

"तू तं काम सोडून गेलता. हे म्हणे, आता कायले बोभाटा करा."

मी काम सोडले नव्हते. मला काढले होते. हे मी तेथे मोठ्याने म्हणालो. त्यांनी खाटेचा काठ धरला. म्हणाल्या, "शेवंता हाये काय रे?"

नाही, म्हणालो.

"मी येतो. रविवारी. शेतातच येतो, चार लोकाईत सांगतो. मले आणाले सांग पोराले."

तेच कापसाचे टोपले. म्हणजे डोरले मीच डोक्यावरून त्यांच्या घरी सुखरूप पोचवले होते. दिवाळीनंतर शेवंता कितीतरी वर्षे त्या विहिरीवर पाण्याला गेली.

बुधवार, दि. २५

धाकट्या पाटलांची भेट घेतली.

"काका, आईचं वय झालं. तिच्या बोलण्यावर कायले जाता? आन आता कोणाले आठवते ते?"

मला आठवते.

"रविवारचं पाहू. तब्येतीवर हाये. खड्डे तेवढे बुजवून टाका बरं, सोमवारी मशीन येते. कोणाचा पाय गेला तं आमच्यावर येईन."

रत्नाला सांगितले. ती कुदळ धुऊन पुसत होती. म्हणाली, "आईनं मले एकदा इचारलं होतं, बाबाईनं खरंच नसन ना घेतलं?"

हे लिहावे किंवा नाही, याचा विचार केला. लिहिले.

रविवार, दि. १ मार्च

सकाळी धुतलेले धोतर, टोपी घालून शेतात आलो. रत्नाने खुर्ची आणली, पाटलीणबाईंसाठी. बोरीच्या खोडाजवळ ठेवली. पाण्याचा तांब्या झाकून ठेवला.

विहारातून परतणारे लोक थांबतात. "जयभीम बाबा! सोनं लागलं काय?" त्यांना म्हणालो, थोडे थांबा. काही थांबले. काही उन्हामुळे गेले. त्यांना दोष नाही.

दिलीपही आला आहे. यंत्र परत न्यायचे आहे. सगळे खड्डे पाहून म्हणाला, "चला काका, दोघं मिळून बुजवून टाकू. घंट्याभराचं काम."

नको, म्हणालो.

रस्त्यावर दोन वेळा गाडीचा आवाज आला. गाड्या दुसऱ्यांच्या.

ऊन खुर्चीवर आले. रत्नाने ती सरकवून शेजारच्या बाभळीच्या सावलीत घेतली. कुदळ माझ्या मांडीवर आहे. टोकाचे काम झाले. रुंद पात्याचे बाकी आहे. ते बाई आल्यावर, त्यांच्यासमोर. तोपर्यंत खड्डे उघडे राहतील. उद्या मशीन आले तरी.