पाईपला जोड मीच देणार

१२ जानेवारी, सकाळ
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हायड्रोलिक पाईप गळतोय. ट्रॉली वर उचलणारा जॅक ह्याच पाईपातल्या तेलावर चालतो. ड्रायव्हर मनोज दोन आठवडे सांगत होता म्हणे. मला आठवत नाही, म्हणजे त्याने नीट सांगितलं नसणार. संकल्प: यापुढे मशिनरीची सगळी कामं स्वतः. आयटीआयला मी वर्षभर फिटर ट्रेडला होतो. सोडलं, कारण त्यांच्याकडे शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

१३ जानेवारी
पाईप पिशवीत घालून मनोजबरोबर पोशीरहून शिळफाट्याला गेलो. पाईपच्या दुकानात सुरेखा नावाची बाई प्रेस मशीनवर उभी. विचारलं, मालक कुठे आहेत? म्हणाली, समोर उभी हाय. मी फक्त खराब तुकडा कापून मध्ये जोड मागितला. तर तिने पाईप वाकवून आतली गंजलेली तार दाखवली. जोड देणार नाही म्हणाली. पाईप नवा, टोकाची फिटिंग मशीनवर दाबूनच. वर उपदेश: "दादा, ह्यात दीडशे किलोचं प्रेशर असतं. ट्रॉली खाली घेतल्याबिगर, इंजिन बंद केल्याबिगर हात लावू नका. आन् गळती बोटाने शोधू नका, लांबून पुठ्ठा धरा."
पुठ्ठा! मी काय मिठाई पॅक करतोय?
शांतपणे निघून आलो. मनोजने घरी सांगितलं की मी दुकानात ओरडलो. माझा आवाज मूळचाच मोठा आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
जोड तयार! मध्ये लोखंडी नळी, दोन्हीकडून पाईप चढवला, वर चार क्लिपा. बायको विनिता तिळगूळ घेऊन आली आणि म्हणाली, "अवो, ह्या तर माझ्या गॅसच्या शेगडीच्या क्लिपा!" साफ चूक. शेगडीच्या दोनच. दोन बाथरूमच्या.
दुपारचं जेवण चुलीवर झालं. चव वेगळीच. एका दुरुस्तीत कुटुंब परंपरेकडे वळलं. विनिता अजून बोलत नाही. भारावली असेल.

१६ जानेवारी, दुपार
फार्महाऊसवाल्या मॅडमकडे मुरूम टाकायला गेलो. मनोज म्हणाला, ह्या जोडावर मी लिव्हर वडणार नाय. मग मीच सीटवर बसलो. ट्रॉली अर्धी वर गेली आणि जोड सुटला. भरलेली ट्रॉली धाडकन खाली. आख्खा ट्रॅक्टर हलला. मीही थोडा.
तेल मॅडमच्या पांढऱ्या भिंतीवर, पार खिडकीपर्यंत. मॅडम भिंतीजवळ जाऊन निरखून बघू लागल्या. हल्ली लोक असा जुनाट रंग मुद्दाम मारून घेतात.
मनोज वीस पावलं लांब उभा होता. मजुरांनाही त्याने लांब धरून ठेवलं होतं. स्वतः कामचुकार, आता दुसऱ्यांनाही शिकवतो.
निदान: क्लिपा कमी पडल्या.

१८ जानेवारी, सकाळी ९
आठ क्लिपा. इंजिन चालू, लिव्हर ओढला. जोड टिकला! फक्त कुठूनतरी बारीक धुकं येतंय. मनोज बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन धावत आला. पहिलं इंजिन बंद करा म्हणे. इंजिन बंद केल्यावर गळती दिसणार कशी? अनुभवी माणूस बोटाने शोधतो. फिरवलं. सापडली. टाचणी टोचल्यासारखं झालं. रक्ताचा एक थेंब. दुखत नाही.

सकाळी १०
बोट किंचित जाड. हळद लावली. मनोजने मला न विचारता त्या सुरेखाला फोन लावला. ती म्हणते, तेल कातडीच्या आत घुसलंय, तासभरही घालवू नका, ऑपरेशन लागतं, डॉक्टरला प्रेशरचं तेल आहे असं स्पष्ट सांगा. टाचणीएवढ्या भोकाला ऑपरेशन! जेवून जाऊ म्हटलं.

साडेदहा (डाव्या हाताने)
जेवायला थांबत नाही. बोट पांढरंफटक, हात खांद्यापर्यंत ठणकतोय. विनिताने एक शब्द न बोलता माझं आधार कार्ड पर्समध्ये टाकलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मनोज जीप घेऊन आलाय.

२१ जानेवारी, पनवेल, हॉस्पिटल
बोट टोकापासून तळव्यापर्यंत उघडून तेल धुऊन काढलं. मोठे डॉक्टर म्हणाले, दुपार केली असती तर बोट कापावं लागलं असतं. त्यांना आठ क्लिपांची पद्धत समजावली. त्यांनी लगेच दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. दोघं फक्त बोटच बघत होते.
ऑपरेशननंतर जाग आली तेव्हा पट्टीत बोटं मोजता येईनात. मनोज शेजारी स्टुलावर होता. म्हणाला, "पाच हायत, शेठ. मी विचारून घेतलंय." मी तोंड भिंतीकडे केलं. इथला एसी डोळ्यांना लागतो.

९ फेब्रुवारी
घरी. बोट अर्धंच वाकतं. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा.
विनिता आणि मनोज शिळफाट्याला जाऊन नवीन पाईप बनवून घेऊन आले. ट्रॉली चालू. गळती नाही. मला कोणी काही विचारलं नाही. बहुधा विश्रांती मिळावी म्हणून.
संध्याकाळी सुरेखा भेटायला आली. बोट नीट निरखलं. माझ्या कामात तिला एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाली, "दादा, ह्याचा एक फोटो काढू? दुकानात लावते. गिऱ्हाईक पुठ्ठ्याला हसतात."
मी हात पुढे केला. म्हटलं, खाली नाव टाका, पूर्ण, देवेश चांगो पाटील, पोशीर.
ती घुटमळली. म्हणाली, "नाव नको, दादा. तुमाला सगळे वळखतात. नाव वाचलं तर लोकं हसतील, घाबरणार नायत."