बाबा रोज नव्याने जातात त्याबद्दल

ती. आत्यास,

धाकट्या भाच्याचा वाकून नमस्कार. वर कोपऱ्यातली तारीख मी शाईच्या पेनाने लिहिली आहे, ती आधी नीट पाहून घे. नवा गुडघा काय म्हणतो? जिना चढू लागलीस, की अजून खालच्या खोलीत बसून हाका मारमारून सुनेलाच चढवते-उतरवतेस? आई जेवते, थोडी झोपते, बोलत मात्र नव्हती. मी फोन केला की तू लगेच ठेवून देतेस (मी काही बोलायच्या आत, नुसत्या श्वासावरून ओळखतेस), म्हणून सगळं लिहूनच कळवतो.

तुला माहीत आहे, मी पाणीपुरवठ्याच्या नकाशे विभागात काम करतो. आमच्याकडे कागदावर छापल्या दिवसाची तारीख आलीच पाहिजे असा नियम आहे. नाहीतर मुकादम मागच्या वर्षीचा नकाशा घेऊन खणायला जातो आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कारंजं उडतं (एकदा उडालं आहे, बाई डोक्यावर छत्री धरून तक्रार द्यायला आल्या होत्या). म्हणून आम्ही तारीख हाताने टाइप करत नाही. मेनूतून घालतो आणि खालच्या ‘आपोआप बदला’ या चौकटीत खूण करतो. मग फाइल जेव्हा उघडाल तेव्हा त्या दिवसाची तारीख हजर. इतक्या वर्षांत बोटांना ती सवयच लागली आहे. बाबा गेले त्या संध्याकाळी मी कळवायचा मजकूर टाइप केला: ‘आमचे वडील आज’, मग तारीख, मग ‘रोजी सकाळी शांतपणे गेले. त्यांच्या आठवणीसाठी येत्या रविवारी घरी जमावे.’ बोटांनी खूण केली. मी फाइल जशीच्या तशी सगळ्यांना पाठवली आणि प्रथमच वाटलं, की घरचं एक काम आपल्याकडून नीट झालं.

पहिला फोन बाबांच्या कॅरमच्या जोडीदारांचा आला. मंगळवारी ते स्वतः स्मशानात आले होते, आणि फाइल त्यांनी उघडली शुक्रवारी. आधी बराच वेळ नुसतं खाकरले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “अरे, मग मंगळवारी आपण कुणाला पोचवून आलो?” मी म्हटलं, बाबांनाच. ते म्हणाले, “मग आज सकाळी कोण गेलं?” त्यानंतर दाताच्या डॉक्टरांचा फोन. बाबांना त्यांनी सोमवारी बोलावलं होतं, कागदावर बाबा सोमवारी सकाळी गेलेले. आपल्या धास्तीने तर गेले नाहीत ना, असं त्यांना वाटत होतं. बाबांच्या जुन्या कचेरीत तर कहरच. तिथला फलक खिडकीसमोर आहे, कागद वाऱ्याने उडतो, म्हणून कारकून रोज नवा छापून लावायचा. बाबा रोज जायचे आणि मंडळी रोज दोन मिनिटं उभी राहायची. शेवटी नुकत्याच बदलून आलेल्या एका बाईंनी विचारलं म्हणे, हे रोज किती वाजता असतं, म्हणजे मी डबा त्यानंतर उघडत जाईन.

आणि ‘येता रविवार’ तर दर आठवड्याला येतोच. पहिल्या रविवारी लोक नुसते फुलं वाहून गेले, भाषणं झालीच नाहीत. दुसऱ्या रविवारी आम्ही लुंग्या-गाऊनवर बसलो होतो आणि लोक फुलं घेऊन दारात. हिने पलंगावरची चादर ओढून बैठकीत अंथरली, मी चहा टाकला. पाहुणे गेल्यावर हिने माझ्यासमोर फाइल उघडली आणि एका मिनिटात ती चौकट दाखवली. म्हणाली, “‘आपोआप’ हा शब्द दिसला की तुमचा हात जातोच कसा तिथे?” मग कॅरमवाल्यांचा प्रश्न मी तसाच सांगितला, आणि आत्या, आई हसली. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिचं रडू आणि हसू एकत्रच चाललं, आम्हाला वेगळं करता येईना.

पण तुझं आठवलं की माझं हसू थांबतं. तुला दवाखान्यात काही सांगायचं नाही, घरी आल्यावर सुनेने जवळ बसून सांगायचं, असं ठरलं होतं. ‘सगळ्यांना’ पाठवताना त्यात तूही आहेस हे माझ्या ध्यानात आलं नाही. तू घरी आलीस, सुनेच्या आधी फाइल उघडलीस, ‘आज सकाळी’ वाचलंस आणि वॉकरसकट टॅक्सीत बसलीस. वाटेतून फोन केलास, “थांबवून ठेवा त्याला, मी निघालेय.” आणि मी गप्प. मला सांगताच येईना की थांबवायला आता कुणी नाही. शेवटी हिने फोन घेतला. तू अर्ध्या वाटेवरून परत फिरलीस. “घुम्या, माझ्या भावाला एकदाच जाऊ दे रे,” एवढं बोललीस, त्यानंतर बोललीच नाहीस.

चूक माझी. भावाला शेवटचं बघायला मिळेल अशी आशा मी तुला लावली आणि ती खोटी होती. याला माझ्याकडे भरपाई नाही. एवढंच केलं आहे की आठवणींची खरी सभा अजून घेतलेली नाही. बाबा गेल्याची तारीख आता हाताने टाइप केली आहे, ती हलत नाही (हिने तीन वेगवेगळ्या दिवशी उघडून पाहिली). सभेच्या तारखेची जागा कोरी ठेवली आहे. ती तू सांगायची. तू येईपर्यंत घरात कुणी भाषणाला उभं राहणार नाही.

तुझा,
घुम्या

ता. क. उभं राहणार नाही असं लिहिलं, पण सगळे म्हणतात मुलाने बोललंच पाहिजे. मी भाषण लिहिलं आहे. दोन ओळी झाल्या आहेत, त्यातली एक उपस्थितांचे आभार. बाबांचं लहानपण तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. माझ्याऐवजी तू बोलशील का? खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. मी शेजारी पाण्याचा पेला धरून बसेन.

ता. क. २. आईने आत्ता वरचं वाचलं. तिचा निरोप आहे: “नणंदबाईंना सांग, या. एवढी वर्षं तुम्ही बोलायला लागलात की मी उठून आत जात होते. या वेळी पुढे बसेन.”