कॅरलने चोक बदलला

२७ मार्च २००४, शनिवार

खांदा ठणकतोय. पण झोप उडालीय ती वेगळ्याच कारणाने.

शेजारची कॅरल — सत्तरीची, रिटायर्ड शिक्षिका — यंदा मला टर्कीच्या शिकारीला नेणार आहे. आज तिच्या भावाच्या शेतावर कागदावर छर्रे मारून चोक ठरवला. बंदुकीच्या तोंडात आट्यांवर फिरवून बसवायची ती छोटी नळी. ती जितकी आवळ, तितके छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. टर्कीचं डोकं एवढंसं, म्हणून आवळच हवी. सगळा हिवाळा कॅरल हेच घोकून घेतेय — ‘एक्स्ट्रा फुल, दीपा! पक्षी जखमी होऊन झुडपात तडफडता कामा नये.’

तिचा एक्स्ट्रा फुल, म्हणजे सगळ्यात आवळ चोक, लावून चाळीस यार्डांवरून मारलं. कागदावरच्या मानेची चाळण! मग वीसवरून — मुठीएवढं एकच भोक. इतक्या जवळून नेम जरा चुकला तर एक छर्राही लागायचा नाही. आणि लागला तर... मी फुल घेतला. किंचित सैल. दोन्ही अंतरांना चालतो.

मग कॅरल. तिने सेफ्टीचा खटका काढला — तो लावलेला असला की ट्रिगर दाबूनही बार उडत नाही. वीस यार्ड. कागद कोरा. पुन्हा — कोरा! ‘वारा,’ म्हणाली. एक पान हलत नव्हतं. मग तिने गुपचूप मॉडिफाइड लावला. अजून सैल, छर्रे पसरवणारा. ‘वय झालं की थोडं मोकळं बरं.’

तिला दिसत नाहीये.

३० मार्च

नवऱ्याला, विक्रमला, सांगितलं. म्हणाला, ‘मग कॅन्सल कर ना यार! नवरा नको म्हणतो म्हणून सांग.’

कसं सांगू? आई गेली तेव्हा हा कॅलिफोर्नियात होता. भारताचं तिकीट मिळेपर्यंत माझा हात धरून बसली ती कॅरल.

४ एप्रिल

सांगायचंच म्हणून तिच्याकडे गेले. चहा ओतताना तिने कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. खळ्ळ! ‘हात घसरला.’

मी काचा गोळा केल्या. घरी आले. भित्री!

९ एप्रिल

उद्या सीझन सुरू. अजूनही तिला सांगितलेलं नाही.

१० एप्रिल, शनिवार



झाडं बारीक होती, म्हणून वेगवेगळ्या बुंध्यांना टेकून बसलो. कॅरल समोर, वीसेक यार्डांवर. उजाडलं तसा माझ्या मागून नर टर्की ओरडला. अगदी जवळ. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. जरासाच सरकवला.

कॅरलच्या बंदुकीची नळी वळली. माझ्याकडे! ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती — आणि ओळख नव्हती. डोळ्यांत काहीच नव्हतं. मला कागदावरचं ते मुठीएवढं भोक दिसलं.

‘अगं, मी आहे! मी!’ मराठीतच ओरडले.

नळी खाली आली. मागे पंख फडफडले.

‘काय म्हणालीस?’

‘पक्षी उडाला म्हटलं.’

गाडीने घरी आलो. उतरताना तिने माझा दंड घट्ट धरला, मग सोडला.

११ एप्रिल, ईस्टर

कॅरल चर्चमधून परस्पर दारात. आत ये म्हटलं, आली नाही.

‘तू ओरडलीस त्याच्या आधीच मी ट्रिगर दाबला होता, दीपा. सेफ्टी काढायला विसरले होते.’