अभिनंदनाचा फ्लेक्स

उमापूर, २२ जुलै २०२४

चि. सौ. रोहिणीस अक्काचे अ. आ.

दारू पिणाऱ्यांच्या घरात नांदणाऱ्या माझ्या बहिणींनो! पितो तो, आणि जाब तुम्हाला विचारतात. तूच कावून भांडलीस, तूच कावून गप्प बसलीस!

हसलीस का? हे पत्र तू एकटीच वाचणार, ठाऊक हाय मला. पण आडव्या बाटलीवर बायकांची मतं घेऊन गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं, तेव्हापासून मला समोर सभाच दिसते.

तुझा फोन भागवतरावांच्या खिशात असतो म्हणून लिहिते. डॉक्टरांनी त्यांच्या लिव्हरबद्दल सांगितलेलं तू कळवलंस, त्यानंतर आठ दिवस मी विचारत फिरले. कुणी शिबिराचं पत्रक दिलं, कुणी जडीबुटीवाल्याचा पत्ता. शेवटी एका नर्सबाईनं हळूच एक नंबर दिला. अंबाजोगाईत दर रविवारी संध्याकाळी सातला एका शाळेच्या खोलीत बैठक असते. दारू सोडलेली माणसंच ती चालवतात. फी नाही, भाषण नाही (याचं मला जरा वाईटच वाटलं), बाहेर पाटीही नाही. सोबतच्या कागदावर पत्ता लिहिलाय, तेवढा त्यांना दे. आणि जेवत जा.

तुझी,
साखराअक्का


घाटनांदूर, १२ ऑगस्ट २०२४

ती. सौ. अक्कास रोहिणीचा शि. सा. न.

कागद त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवला आणि मी गोठ्यात निघून गेले. त्यांनी फेकला न्हाई. तीन रविवार झाले, जाऊन येतात. पहिल्यांदा गेलते तेव्हा हात इतके कापत होते की सदऱ्याची बटणं मी लावली. डॉक्टरांच्या गोळ्या चालू हायत.

तिथं म्हणे नुसतं भागवत म्हणतात. आडनाव, गाव, जमीन कुणी विचारत न्हाई. एका माणसानं सांगितलं की बायको बाळंत झाली त्या दिवशी तो पिऊन गटारीकडेला पडला होता. ते ऐकून हे रडले. मला सांगताना पुन्हा रडले.

पंधरा दिवस थेंब न्हाई. काल भाकरी मागून खाल्ली. अक्का, मागून! चौदा वर्षांत असं झालं न्हवतं. लिहितानाही भीती वाटते.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
रोहिणी


उमापूर, १७ ऑगस्ट २०२४

चि. सौ. रोहिणीस अ. आ.

पत्र वाचून दारातच फुगडी घातली, शेजारणीला धरून! महिला मंडळात दोनशे बायकांसमोर तुझं पत्र वाचलं. बायका डोळे पुसत होत्या.

आपल्याकडं गुंडाच्या वाढदिवसाला फ्लेक्स लागतो. मग दारू सोडणाऱ्या मर्दाचा कावून लागू नये? माझा पुतण्या विजयसिंह आज टेम्पोनं निघालाय. उद्या सकाळी तुमच्या स्टँडवर दहा बाय आठचा फ्लेक्स: व्यसनमुक्त वीर भागवतराव यांचे हार्दिक अभिनंदन. फोटो लग्नातला, फेट्याचा. लई रुबाबदार दिसतात. शाल-नारळ द्यायला मी स्वतः येते. पिणाऱ्या सगळ्या तालुक्याला बघू दे!

घरातल्यांना माझा आनंद पोचव.
अक्का


घाटनांदूर, २२ ऑगस्ट २०२४

अक्कास,

तुझ्या पत्राआधी फ्लेक्स पोचला.

रविवारी हे बैठकीला निघाले. स्टँडवर पोरं फ्लेक्सखाली उभं राहून सेल्फी काढत होती. बंकट हॉटेलवाल्यानं वीर आले, वीर आले म्हणून ओरडून विचारलं की सोडल्याची पार्टी कधी. सगळं स्टँड हसलं. हे अंबाजोगाईच्या गाडीत चढलेच न्हाईत.

चार दिवस पितायत. काल रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात चला म्हटलं तर भिंतीकडं तोंड करतात. एकदाच बोलले. म्हणाले, तिथं माझं नाव कुणी विचारत न्हवतं, तुझ्या अक्कानं ते चौकात टांगलं. आता त्या खोलीत कोणत्या तोंडानं जाऊ.

कुणाला सांगू नको असं मी लिहिलं न्हवतं, अक्का. बहिणीला हे लिहावं लागतं, हे मला ठाऊक न्हवतं. आता काय करू ते सांग. भाषण नको.

रोहिणी


उमापूर, २ सप्टेंबर २०२४

श्री. भागवतराव यांस साखराबाईचा स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला आहे. रोहिणीनं वाचून दाखवावं.

रोहिणीचं पत्र गुरुवारी हाती पडलं. शुक्रवारी मी घाटनांदूरला येऊन गेले. भर दुपारी खांबावर चढून फ्लेक्स स्वतः फाडला. बंकट हसत होता, त्याला हसू दिलं. तुमच्या दारापर्यंत यायचं धाडस झालं नाही. तुम्हाला न विचारता मी तुमची लाज माझ्या सभेसाठी वापरली. मला माफ करा, असं लिहायलाही हात अडतो.

काल अंबाजोगाईला त्या खोलीबाहेर पायरीवर बसले. बैठक सुटल्यावर एक माणूस बाहेर आला; बायकोच्या बाळंतपणाचं त्यानंच काढलं, तेव्हा तुम्हाला रडवणारी गोष्ट त्याचीच हे कळलं. तुमचं नाव न घेता मी विचारलं की सोडून पुन्हा प्यालेला माणूस कोणत्या तोंडानं येतो. तो म्हणाला की तो स्वतः पाच वेळा प्यालेल्या तोंडानं आला, आणि आत कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्यानं एवढंच विचारलं, की ज्याच्यासाठी विचारताय तो जिवंत आहे ना.

मी हो म्हणाले. भागवतराव, मला खोटं पाडू नका.

रक्त पडतंय. आज, हे पत्र ऐकून झालं की, रोहिणीबरोबर दवाखान्यात चला. तिथून सुटलात की पहिल्याच रविवारी सातला त्या खोलीत जाऊन बसा. माझ्यावर लोभ ठेवा असं म्हणायचा हक्क मी गमावला. पण आता उठा. रोहिणी दारात उभी असेल, चप्पल घाला.

साखराबाई