एक वीत, चार बोटं

सोमवार, २ सप्टेंबर २०२४

ह्यांना रिहा-क्लिनिकमध्ये, व्यायाम-उपचारांसाठी, सोडून आले. तीन आठवडे. खोली बरी आहे. निघताना "जपून जा" नाही, काही नाही — म्हणतात काय, "दस्ता तू पुरा कर. लाकूड वाळलंय." जा, जा म्हटलं आणि गाडीत बसले. रडले वगैरे नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या ह्यांच्या कामाच्या जागेत, उतरले. अक्रोडाचा दस्ता ह्यांनी अर्धवट कोरून ठेवलाय. मार्चनंतर पटाशी धरता आली नाही, म्हणून अर्धवट.

ह्यांची रिव्हॉल्व्हर जुन्या नमुन्याची प्रतिकृती — काळी दारू ठासायची, वर तांब्याची टोपी. वजन सव्वा किलो. उजवा हात थरथरायला लागला तेव्हापासून नेमबाजीच्या क्लबात जातात, कॉफी पितात, दुसऱ्यांचे नेम बघतात, घरी येतात. मला बघवत नाही. लाकडी दस्ता मागून अडकवला की ती बंदुकीसारखी खांद्याला टेकते, दोन्ही हातांनी धरता येते. काम झालं की दस्ता सुटा. पोलादातल्या खाचा बंदूकमिस्त्री ब्रेंडलने पाडून दिल्या, कागदपत्रांसकट. लाकूड आमचं.

स्पर्धेत दस्ता चालत नाही म्हणे. न चालू दे! ह्यांनी पुन्हा एकदा नेम धरला पाहिजे. बस.

गुरुवार, ५ सप्टेंबर

फोनवर विचारलं, "लांबी किती ठेवू?"

"एक वीत, चार बोटं."

"मिलिमीटरमध्ये सांगा."

"पट्टी कुठे आहे इथे? वीत पुरे गं."

र्युसेल्सहाइमच्या कारखान्यात, टूलरूममध्ये तीस वर्षं शतांश मिलिमीटरवरून लोकांना धारेवर धरणारा माणूस — आणि वीत! नव्या गोळ्यांनी डोकं जड होतंय का? डॉक्टरांना विचारलं पाहिजे. दुपारभर तेच मनात.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती बसले. एकटीने आरती म्हटली, टाळ्याही मीच वाजवल्या.

दस्ता रिव्हॉल्व्हरला जोडणारा धातूचा सांधा लाकडात नीट बसत नव्हता. ह्यांची पद्धत अशी — धातूला काजळी फासायची, लाकडावर दाबायचा, जिथे काळं उठेल तेवढंच खरवडायचं. ह्यांची काजळीची डबी सापडेना. मग निरांजनावर वाटी उपडी धरली आणि काजळ तुपात खललं. उत्तम उठतं! एकवीस वेळा दाबलं, एकवीस वेळा खरवडलं. मोदक मात्र फ्रोझन. देवा, ह्या वर्षी चालवून घे.

रविवार, ८ सप्टेंबर

हॅनोव्हरहून निधीचा फोन. "आई, तुम्हा दोघांची वयं बघ. बाबांना पझल आणून दे ना!" म्हटलं, पझल तू सोडव.

शस्त्राचा परवाना मीही काढला तो बंदुकीच्या कपाटाच्या किल्लीसाठी. इथे जर्मनीत परवाना नसेल तर ह्यांच्या कपाटाला हात लावायचीही सोय नाही. मग सहा वर्षं ह्यांच्या शेजारी उभी राहून मीही नेम धरला. गेल्या जानेवारीत बर्फावर मनगट मोडलं, सव्वा किलो पेलेना. सोडलं. मला ते फार आवडायचं. हे कोणाला बोलले नाही. बायका-माणसांत सांगणार तरी काय — पुरणपोळी येत नाही, पण दहात नऊ लागतात?

मंगळवार, १० सप्टेंबर

कापला. दोनदा मोजून कापला. एक वीत, चार बोटं.

रविवार, १५ सप्टेंबर

नुसता दस्ता पिशवीत घालून रिहाला नेला. ह्यांच्या खांद्याला लावला — आखूड! चांगला पाच सेंटिमीटर! ह्यांच्या पंजाशेजारी माझा पंजा ठेवला तेव्हा लख्ख उजेड पडला. मी माझ्या वितीने मोजलं! गणितात एम.एस्सी., आणि कोणाची वीत हे विचारायचं सुचलं नाही. कापलेलं लाकूड काही वाढत नाही.

ह्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं. "गेनाऊ. अगदी नेमका. केस जायला फट नाही."

"अहो, लांबी चुकली. मी नवा करते. ब्रेंडलकडे अक्रोड आहे."

"नको."

"का नको?"

"छान झालाय. तू जेवलीस का?"

मला दुखवायचं नाही म्हणून! अशाने मला जास्त लागतं. परतताना मात्र रडले, पार्किंगमध्ये.

सोमवार, २३ सप्टेंबर

घरी आणलं. चाल सुधारलीय. हात तसाच. ह्यांना न सांगता ब्रेंडलकडे अक्रोडाची फळी सांगून ठेवलीय.

गुरुवार, २६ सप्टेंबर

क्लब. ह्यांनी दस्ता चढवला — उजवा हात थरथरत होता, मी मध्ये पडले नाही — आणि रिव्हॉल्व्हर माझ्यासमोर ठेवली. स्वतः दुर्बीण घेऊन मागच्या खुर्चीत.

"अहो, आखूड आहे तो."

"खांद्याला लाव तर."

लावला. मनगटावर भार नाही. डोळा आपोआप नळीच्या टोकावरच्या माशीवर गेला.

"तुझी वीत मला ठाऊक नाही का?" मागून आवाज आला. "तुझ्याच मापाचा हवा होता."

पहिली गोळी डावीकडे गेली. डोळ्यांत पाणी होतं. ह्यांनी दुर्बिणीतून बघून सांगितलं, "आठ गुण. डोळे पूस, आणि पुन्हा धर."